आडवा आठ

ओल्या फिल्मकडे बघू नये असं बाबा म्हणतात, आणि मी दर वेळी बघते. कोण थांबणार! बाथरूममधल्या नळाखाली फिल्म धुवायचा डबा विसळला, झाकण काढलं, गुंडाळी सोडवली, आणि फिल्म सळसळत अंगावर आली तेव्हा मी ओरडलेच, "आलं! सगळं आलं!" बाहेरून आई म्हणाली, "काय आलं? गरम पाणी?" मला इतकं हसू आलं की फिल्म बादलीत पडता पडता राहिली. ती दोरीला चिमट्याने लटकवली, खालच्या टोकाला वजन म्हणून दुसरा चिमटा लावला, आणि टाचा उंचावून झरोक्याच्या उजेडाकडे डोळा लावला. पुलाचा कठडा काय आला होता! गंजाचे पोपडे, त्यावर कुणीतरी खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं, कोपऱ्यात घुसलेलं माझ्याच बाहीचं बटण, तेसुद्धा भोकांसकट. आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ताई उभी होती, तिथे ताई नव्हती. एक पांढुरका डाग होता, आरशावर पेस्टचा थेंब बोटाने पुसावा तसा. पुढच्या चौकटीत तेच. त्याच्या पुढच्या चौकटीत तेच. ताई हलली असेल, मी स्वतःला सांगितलं; ताईला स्थिर उभं करणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं. पण तिच्या शेजारचा दिव्याचा खांबही विरघळला होता, आणि खांबाच्या पायाला काही मुंग्या येत नाहीत. अख्ख्या रोलमध्ये ताई एकाच जागी धड उमटली होती. शेवटी वैतागून, अगदी जवळ येऊन तिने पंजा पुढे केला होता ना, "पुरे गं बाई आता, मला उशीर होतोय," तो पंजा. तळहातावरच्या रेषा, अंगठ्याचं तुटलेलं नख, सगळं कोरून काढल्यासारखं. पंजामागचा चेहरा मात्र गेला होता. आणि ताई तर खरीच गेली होती, आदल्या आठवड्यात, समुद्रापलीकडच्या नोकरीवर. परत कधी येणार ते तिलाही माहीत नव्हतं.

कळलं ते त्या क्षणी नाही, जरा नंतर, हात पुसताना. जवळचं लख्ख, लांबचं गायब. माणसांना चाळीशी लागते तेव्हा जवळचं दिसेनासं होतं. या कॅमेऱ्याला बरोबर त्याच्या उलटं काहीतरी झालं होतं. आणि हे कशाने होतं ते मला माहीत होतं. या जातीच्या कॅमेऱ्यात आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं, त्यामुळे भिंगाला काय दिसतंय ते आपल्याला कधीच कळत नाही. अंतर डोळ्यांनी अदमासायचं आणि भिंगाभोवतीचं कडं त्या आकड्यावर आणायचं, बस्स. कड्यावर फुटांचे आकडे संपले की शेवटी इंग्रजी आठ आडवा पाडलेला असतो. तो आडवा आठ म्हणजे अनंत: डोंगर, ढग, पुलाच्या टोकाला उभ्या असलेल्या बहिणी. मी कडं आडव्या आठावर ठेवलं होतं. पक्कं ठेवलं होतं, कारण तो आकडा मला फार आवडतो. परीक्षेच्या पेपरच्या मागेसुद्धा मी तोच गिरवत बसते. म्हणजे कडं सांगत होतं अनंत, आणि भिंग बघत होतं हातभर. असं तेव्हाच होतं, जेव्हा कुणीतरी भिंगाची पुढची काच काढून चुकीच्या आट्यात बसवलेली असते. आणि ती काच काढणारी घरात एकच होती. मी.

बाबांचा कॅमेऱ्यांचा नाद आम्हा सगळ्यांच्या आधीचा. आई म्हणते, "मी नंतर आले, आधी ते काचेचं कपाट नांदत होतं." जुन्या बाजारातून बाबा कॅमेरे उचलून आणतात, दिव्याखाली मांडतात, घासूनपुसून लखलखीत करतात, चालले तर चालले, नाहीतर कपाटात. मी लहानपणापासून त्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून वाढले. स्क्रू हरवला की शोधायला मी, भिंग धरायला मी, "श्वास घेऊ नकोस, धूळ उडते" हे ऐकायला पण मी. बाबांची नोकरी लिफ्ट तपासायची. दुसऱ्या कुणी हात काळे करून दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये बाबा उभे राहतात, वर जातात, खाली येतात आणि सही करतात. हे मी मैत्रिणींना विनोद म्हणून सांगायचे. हा कॅमेरा त्यांनी आणला तेव्हा त्याचं शटर मेलेलं होतं. बाबांनी त्याच्याशी झटापट केली, दोनदा टेबलावर हात आपटला, मग जाहीर केलं, "हा गेलेला आहे. शोभेला ठेवू." आणि तो कपाटाच्या खालच्या फळीवर गेला, जिथे गेलेले ठेवतात.

सुट्टीत मला काय झालं कुणास ठाऊक. या वर्षी माझ्यात काहीतरी फुटलंय, चांगल्या अर्थाने, कोंब फुटतो तसं. वर्गात मी हात वर करायला लागले, दुकानदाराला "हे नको, ते दाखवा" म्हणायला लागले, आणि एका दुपारी बाबा ऑफिसात असताना तो गेलेला खालच्या फळीवरून काढून दिव्याखाली घेतला. एका भंगारातल्या कॅमेऱ्याची मी आधी इतकी वाट लावली होती की काय करायचं नाही हे मला पाठ झालं होतं. त्यातलं पहिलं हे, की पुढची काच अशीच फिरवून काढायची नाही. बरणीचं झाकण कसं, कुठूनही फिरवलं की कुठल्यातरी तोंडातून धरतंच? या काचेच्या आट्यांनाही तशी बरीच तोंडं असतात, सगळी जुळ्या भावंडांसारखी. ज्या तोंडातून सुटली त्यातूनच परत बसवली तर कॅमेरा लांबवर बघतो. शेजारच्या तोंडातून बसवली तरी ती तितक्याच प्रेमाने घट्ट बसते, काही कुरकुर नाही, आणि कॅमेरा जन्मभर स्वतःच्या नाकासमोर बघत राहतो. म्हणून काच सोडवताना कानात प्राण आणून सावकाश फिरवायची, आणि ज्या क्षणी ती सुटते, त्या क्षणी जिथे असेल तिथे खूण करायची. मी सुईने बारीक ओरखडा काढला. आत शटरची पाती तेलाने एकमेकींना चिकटली होती, भांडून परत गळ्यात गळे घातलेल्या मैत्रिणींसारखी. कापसाच्या काडीने लायटरचं पेट्रोल लावत, पुसत, परत लावत मी त्यांना सोडवत बसले. मग दाबलं. टक्. इतका छोटा आवाज, आणि माझ्या डोक्यात जणू देवळातली घंटा. मग मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावला, शटर उघडं धरलं, आणि खिडकीतून दिसणाऱ्या कारखान्याच्या धुराड्याकडे तोंड केलं. कागदावर धुराडं आलं, उलटं, त्याच्या लोखंडी शिडीची पायरी न् पायरी वेगळी दिसत होती, आणि धूर वरून खाली पडत होता. मी किती वेळ तो पडणारा धूर बघत होते देव जाणे. आडवा आठ बरोबर होता. हे मी शपथेवर सांगू शकते.

संध्याकाळी बाबा आले तर बूट काढायच्या आत मी कॅमेरा त्यांच्या कानाशी नेला. "बाबा, ऐका." टक्. त्यांनी तो हातात घेतला, परत दाबला, परत दाबला. "हं," म्हणाले.

"हं काय, बाबा! चालतोय!"

"ऊन तापलंय ना. तेल आपोआप सुटतं." आणि पाय धुवायला गेले. मला तेव्हा काहीच खुपलं नाही, हेच तर आता खुपतं. मी इतकी आनंदात होते की त्यांचा तो "हं" मला पदकासारखा वाटला. मग रविवारी त्यांची मंडळी आली. दर रविवारी सकाळी येतात, सगळे नादिष्ट, त्यातले दातांचे डॉक्टर म्हणजे आमचे डॉक्टरकाका, बाबांचे जुने दोस्त. मी बिस्किटांची ताटली घेऊन उभी होते आणि बाबा कॅमेरा उंच धरून म्हणाले, "शेवटी लावलाच की नाही याला मार्गी!" डॉक्टरकाका म्हणाले, "वा! हाताला गुण आहे राव तुझ्या." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीच हसले, आणि मनात म्हटलं, घरातलं घरातच तर आहे, आईने केलेल्या स्वेटरला कुणी वा म्हटलं की आपण नाही का मिरवत. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मला येत होती, पण नागोबाच्या जागी स्वतःचे बाबा कोण ठेवतं?

ताई जायच्या सकाळी मी तोच कॅमेरा घेतला. तिला म्हटलं, तू पुलाच्या त्या टोकाला जा, मला तू एवढीशी हवीस आणि भोवती भलंमोठं रिकामं. ती म्हणाली, "एवढीशी कशाला, जवळून काढ ना, नवीन कानातलं घातलंय." पण मला कळत होतं की हीच ती गोष्ट आहे, ती लहान लहान होत जाणं, आणि हे मी माझ्या हाताने जिवंत केलेल्या कॅमेऱ्यात धरणार आहे. ओरडून ओरडून मी तिला मागे पाठवत होते. "अजून मागे! अजून!" आणि ती जात होती.

आता बाथरूममध्ये फिल्म ठिबकत होती आणि मी कोरडे हात परत परत पुसत होते. माझं चुकलं असेल. धुराडं मला दिसलं होतं की मी दिसलं असं ठरवलं होतं? शिडीच्या पायऱ्या होत्या ना? आनंदात माणसाला काहीही दिसतं. वर्गात बरोबर उत्तर द्यायला हात वर करावा आणि मध्येच उत्तर पुसून जावं, तसं झालं. सुट्टीपासून मी जी कुणी झाले होते ती मुलगी गळाभर पाण्यात उभी होती. बाबा कुठेतरी बाहेर गेले होते. मी कॅमेरा टेबलावर घेतला, कड्याचे तीन इवलेसे स्क्रू सैल केले, कडं काढलं. काचेच्या कडेला माझा सुईचा ओरखडा होता, माझा, बारीक, तिरपा. आणि त्याच्यापासून चांगला लांब एक लाल ठिपका होता. आईच्या नखांच्या रंगाचा. बाबा कायम त्यानेच खुणा करतात. बाटली टेबलावर उघडी राहून वाळते म्हणून आई कायम ओरडते. मी काच सावकाश सोडवली. जिथे सुटली तिथे ठिपका नव्हता. ठिपका होता तो काच पूर्ण आवळलेली असताना जिथे असते तिथला. म्हणजे बाबांनी आधी खूण केली, मग फिरवली, आणि सुटली कुठे ते पाहायचं राहून गेलं. परत लावताना शेजारचं तोंड मिळालं, ठिपका साधारण पूर्वीच्याच जागी आला, घट्ट बसली. छान बसली असणार.

पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. माझं नव्हतं चुकलं! मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय नाचवले. आणि मग, नाचता नाचताच, ते चित्र समोर आलं: मी शाळेत, आई बाहेर, आणि बाबा एकटे दिव्याखाली, त्या चालत्या कॅमेऱ्याची काच काढताहेत, आत वाकून बघताहेत की ही पोरगी नक्की काय करून गेली. दार वाजलं तर पटकन झाकता यावा म्हणून कपडा जवळ ठेवून. मला विचारलं असतं तर! मी उड्या मारत दाखवलं असतं, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पातं, कापसाच्या काड्यासुद्धा जपून ठेवल्या होत्या मी. जगात मला आणखी कुणाला दाखवायचं होतं?

जेवताना मी विचारलं. सरळच. "बाबा, तुम्ही त्याची पुढची काच काढली होती का?"

"कुणाची?"

"पुलावर नेला होता त्याची."

"मी कशाला काढू? चालू वस्तू उघडायची नाही, हा माझा नियम आहे."

"आत लाल ठिपका आहे."

"आधीच्या मालकाचा असेल."

"अगंबाई," आई म्हणाली, "आधीचा मालक माझ्याच रंगाची बाटली वापरायचा?" तिला गंमत वाटली होती. मग तिने बाबांचा चेहरा पाहिला आणि ती एकदम वरण वाढायला लागली, कुणालाच नको असताना. बाबा म्हणाले, "आधी स्वतःचं काम तपासावं. मग दुसऱ्याचे ठिपके मोजावेत." दुसऱ्यांचं काम तपासण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे हे वाक्य त्यांना फार सुरेख जमलं. ताईला फोन केला तर तिकडे तिची घाईची सकाळ होती. "अगं, फोनवर ढीगभर काढलेस की माझे," ती म्हणाली. मी म्हटलं, प्रश्न फोटोंचा नाहीये. तिकडे बशीत चमचा वाजला. मग म्हणाली, "मी बाबांशी बुद्धिबळात सारखी हरायचे, आठवतं? तुला काय वाटतं, मला येत नव्हतं?" मला खरंच वाटत होतं की तिला येत नव्हतं. लहानपणभर मी तिला चिडवलं होतं त्यावरून. "सोडून दे," ती म्हणाली, "तुला अजून तिथे राहायचंय." आणि तिला बस पकडायची होती.

रविवारी मंडळी आली. फिल्मचे तुकडे खालून दिवा लावलेल्या काचेवर पसरलेले होते. ते मी मांडले नव्हते, आवरायचे राहिले होते, किंवा राहू दिले होते, कोण जाणे. डॉक्टरकाकांनी दात बघायचं भिंग खिशातून काढलं आणि वाकले. "अरे, हे काय रे? जवळचं काय सुंदर आलंय, आणि लांबचा सगळा भुगा! काचेत घोळ झालाय तुझ्या." मी बाबांकडे पाहिलं. खरंच सांगते, अजूनही माझ्या मनात होतं की आता ते हसतील, डोकं खाजवतील, म्हणतील, माझ्याकडून झालं बुवा. त्यांनी डोकं खाजवलंसुद्धा. आणि म्हणाले, "पोरीने उघडला होता. मी ऑफिसात. सांगून ऐकतात का हल्लीची मुलं?" डॉक्टरकाकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, प्रेमानेच. "काय गं, घाई नडली वाटतं? लहान हात, मोठी हौस!" सगळे हसले. कुणीतरी बिस्कीट बुडवलं. चाललं तेव्हा बाबांनी लावला होता मार्गी, आणि बिघडलं तसं मी उघडला. त्या दोन वाक्यांच्या मध्ये एकच कॅमेरा होता आणि एकच मी, पण बाबांना ती जोडून बघायची गरज वाटत नव्हती. माझे कान इतके तापले की केस बाजूला करावेसे वाटले. मी खरं न सांगता बिस्किटांची ताटलीच पुढे केली. आणि हे लिहिताना मला कळतंय की मी घाबरले नव्हते. मला त्यांची लाज वाटत होती, आणि ती लाज मला झाकायची होती, जसं कुणाचं उसवलेलं दिसलं की आपण आपलीच ओढणी पुढे करतो.

मंडळी गेल्यावर बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. कॅमेरा मऊ कपड्यात गुंडाळलेला. ते आत येत नव्हते आणि जातही नव्हते.

"डॉक्टर म्हणतोय पुढच्या रविवारी रोल घालून बघू या याच्यात. त्याला हौस आलीय."

"बरं."

"तू तेव्हा जसं केलं होतंस ना... तसं एकदा कर ना परत. तो येण्याआधी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तेल उन्हाने सुटलं नव्हतं, हात माझा होता, ठिपका त्यांचा होता, सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं, आणि ते मला सांगत होते ते इतक्या हळू आवाजात, की स्वयंपाकघरातल्या आईलाही ऐकू जाऊ नये. त्यांच्या बोटाला नखाशेजारी तो लाल रंग होता, पुसट. मला दया आली, इतकी, की हात पुढे होणारच होता. पाच मिनिटांचं काम. सुईच्या ओरखड्याशी नेऊन बसवायची, संपलं. पण मग तो कॅमेरा परत त्यांनी मार्गी लावलेला होणार होता, आणि मी परत बिस्किटं घेऊन उभी राहणार होते, आणि हळूहळू मी इतकी छान हरायला शिकणार होते की धाकट्या कुणाला वाटावं, हिला येतच नव्हतं.

"करते," मी म्हटलं. "रविवारी. सगळ्यांसमोर. मजा येईल, बाबा! मी काच काढून दाखवते, ट्रेसिंग पेपर लावून धुराडं दाखवते, डॉक्टरकाकांना फार आवडेल." आणि मी हे भांडायला नव्हते म्हणत. त्यांना एक वाट देत होते. कुणाचा ठिपका, कुणाचा ओरखडा, एक अक्षर मी बोलणार नव्हते. फक्त हात माझे दिसणार होते. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बघू," म्हणाले.

रविवारी मी लवकर उठून टेबल पुसलं, बाबांच्या खुर्चीवर उशी ठेवली म्हणजे दिव्यापर्यंत पोचता येईल, स्क्रूड्रायव्हर ओळीने लावले, ट्रेसिंग पेपर बेताचा कापला. धुराड्यासाठी खिडकीचं तावदानही पुसलं. मंडळी जमली. मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि स्क्रूड्रायव्हरांची ओळ परत एकदा सरळ केली. बाबा आतून कॅमेरा घेऊन आले. टेबल बघितलं, मला बघितलं, सगळ्यांना बघितलं. आणि टेबलापाशी न येता सरळ कपाटाकडे गेले, तो मधल्या फळीवर ठेवला, काचेचं दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"हा आता वापरायचा नाही," ते म्हणाले. "वय झालंय. जपायला हवा."

"अरे, पण बिघडलाय ना तो?" डॉक्टरकाका म्हणाले. "तसाच ठेवणार?"

"शोभेला बरा आहे."

मंडळींनी माना हलवल्या. नादिष्ट माणसांना हे पटतं. बाबांनी तो आंधळा करून ठेवणं पसंत केलं होतं. माझ्या हातात जाण्यापेक्षा तो कायमचा नाकासमोर बघत बसला तरी चालणार होतं. माझा आवाज मलाच ऐकू आला, चांगला खणखणीत: "काका, तुमच्या पिशवीत तो शटर अडकलेला कॅमेरा आहे ना? द्या इकडे. मी बघते." डॉक्टरकाकांचा हात पिशवीत गेला, खरंच गेला, कॅमेऱ्याचा पट्टा बाहेर आला. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा कपाटाच्या काचेवरचा एक डाग पुसत होते. "पुढच्या वेळी हं, बेटा," काका म्हणाले, आणि पट्टा परत आत गेला.

"चहा टाक गं," बाबा पाठमोरे म्हणाले.

मी उठले नाही. एक स्क्रूड्रायव्हर उचलला, नीट बघितला, परत ओळीत ठेवला. आतून आईने चहा आणला, कप वाटले गेले, गप्पा पुन्हा लागल्या, कुणाच्या तरी नव्या भिंगाबद्दल, बुरशी कशी काढावी याबद्दल. सगळे बसले होते. बाबा कप हातात घेऊन कपाटाला टेकून उभे होते, कारण त्यांच्या खुर्चीत मी होते, आणि ऊठ असं सगळ्यांसमोर म्हणायला त्यांना काही कारण सापडत नव्हतं.